व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या सामानाची एएमसी (वार्षिक देखभाल करार): घ्यावी की सोडून द्यावी?

महापे_मुक्काम

मंडळी, जरा सल्ला हवा आहे. सोमवारी साहेबांना उत्तर द्यायचंय.

ऑफिस नवी मुंबईत महापेला, टीटीसी औद्योगिक पट्ट्यात. पाइपिंगची ड्रॉइंग्ज करतो, क्लायंट बहुतेक जर्मनी आणि ओमानचे. दुपारी जर्मनी जागी झाली की संध्याकाळपर्यंत कुठली ना कुठली खोली मीटिंगला लागलेलीच असते. मी ॲडमिन बघतो. आयटीचा एकच मुलगा, तोही निम्मा आठवडा आमच्या वागळे इस्टेटच्या ऑफिसात.

सामान असं. बोर्डरूममध्ये जुना कोडेक (व्हिडिओ कॉल चालवणारा डबा) आणि फिरता कॅमेरा, आठेक वर्षांपूर्वी ५ लाखांना घेतलेला. दोन लहान खोल्यांत अँड्रॉइडवर चालणारे व्हिडिओ बार, दोन्ही मिळून ३ लाख ६० हजार, वॉरंटी याच महिन्यात संपतेय. ट्रेनिंग रूममध्ये सगळा थाट: छतात माइक, डीएसपी (सगळ्या माइक-स्पीकरचा आवाज जुळवणारा डबा), ॲम्प्लिफायर, विंडोजचा छोटा पीसी, टेबलावर टच पॅनेल, ८ लाख ४० हजार. शिवाय मागच्या वर्षी बदललेले ८६ इंची दोन डिस्प्ले, ४ लाख. एकूण २१ लाख.

व्हेंडरने सगळ्याची मिळून कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे सुट्या भागांसकट, एएमसी पाठवलीय, खरेदी किमतीच्या ११ टक्के. म्हणजे २ लाख ३१ हजार, वर १८ टक्के जीएसटी. साहेब म्हणतात, "दोन वर्षांत काय बिघडलं? एक रिमोट आणि दोन केबली. त्याला पावणेतीन लाख?" आणि क्लायंटसमोर आवाज गेला की हेच साहेब सगळ्यांदेखत मला विचारतात, "आपली एएमसी नाहीये का?"

अनुभवी लोकांनी लिहा. 'परवडत असेल तर घ्या' असं लिहू नका, ते साहेबांनाही माहीत आहे.

रुमाल_टाकू

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडे दर मार्चला हाच तमाशा.

नौपाड्याचा_सीए

नका घेऊ.

२१ लाखांचं सामान एकाच वर्षी सगळं बंद पडत नाही. दरवर्षी पावणेतीन लाख म्हणजे पाच वर्षांत साडेतेरा लाखांच्या वर. तेवढ्यात निम्म्याहून जास्त सामान नवं येईल. पैसे बाजूला काढून ठेवा, जे मोडेल ते बदला. आमच्या फर्ममध्ये एक चांगला यूएसबी स्पीकरफोन आणि एक वेबकॅम कपाटात असतो. खोली बंद पडली की लॅपटॉपला लावायचा आणि मीटिंग सुरू. क्लायंटला कळतही नाही.

महापे_मुक्काम

सीएसाहेब, चार जणांच्या खोलीत जमेल हो. आमच्या ट्रेनिंग रूममध्ये तीस माणसं बसतात आणि प्रश्न मागच्या रांगेतून येतात. लॅपटॉपवर काय ऐकू जाणार? आणि जर्मनीचा माणूस दोनदा 'सॉरी?' म्हणाला की आमचे इंजिनिअर गप्पच बसतात.

पॅचकॉर्ड

मी बरीच वर्षं याच धंद्याच्या पलीकडच्या बाजूला होतो, इंटिग्रेटरकडे (अशा खोल्या बसवून देणाऱ्या कंपनीत) सर्व्हिसला. आता सोडलंय, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. लांबण लागेल.

आधी कॉल कसले येतात ते सांगतो. बहुतेक कॉल मशीन बिघडल्याचे नसतातच. रूमच्या अकाउंटचा पासवर्ड एक्स्पायर झालेला असतो. कोणीतरी फायरवॉल बदलते आणि खोलीचं बोलणं बंद होतं. फोन चार्ज करायला माइकची यूएसबी काढलेली असते. टेबलातून ओढायची एचडीएमआय केबल रोज ओढून ओढून आतून तुटलेली असते. यूएसबी लांब नेलेली असेल तर एक्स्टेंडर गरम होऊन कॅमेरा मधूनच गायब होतो. तुमच्या साहेबांचं 'एक रिमोट, दोन केबली' अगदी बरोबर आहे. आणि गंमत बघा, केबल, रिमोट, बॅटरी हे बहुतेक करारांत कन्झ्युमेबल म्हणून वगळलेलं असतं. म्हणजे रोज जे मोडतं ते करारात नाही, आणि जे करारात आहे ते क्वचित मोडतं.

मग लोक घेतात कशासाठी? तर फोन उचलणारा माणूस मिळावा म्हणून. त्याची किंमत आहेच. फक्त ती सामानाच्या किमतीवर टक्क्याने का मोजायची, हे व्हेंडरला विचारा.

आता तुमच्या यादीकडे.

जुना कोडेक: यादीतून काढा. आठ वर्षांपूर्वीच्या ५ लाखांवर ११ टक्के म्हणजे ५५ हजार. विकायला काढलात तर तेवढेही येणार नाहीत. शिवाय असे जुन्या एच.३२३ पद्धतीचे कोडेक मायक्रोसॉफ्ट टीम्सच्या मीटिंगला थेट जात नाहीत, मध्ये दोघांना जोडणारी क्लाउड इंटरऑपची वेगळी सेवा घ्यावी लागते. बिघडला तर व्हेंडर दुसऱ्या कोणाच्या भंगारातून काढलेला सुटा भाग आणणार. उत्पादकाच्या साइटवर मॉडेल टाकून 'एंड ऑफ सपोर्ट'ची तारीख बघा. ती उलटून गेली असेल तर करार घ्यायचा कशाचा?

डिस्प्ले: मागच्या वर्षी घेतलेत ना? व्यावसायिक डिस्प्लेला बहुधा एकाहून जास्त वर्षांची वॉरंटी असते, बिल बघा. वॉरंटी चालू असेल तर व्हेंडर त्याच गोष्टीचे ४४ हजार पुन्हा घेतोय. (घरगुती टीव्ही लावले असतील तर मात्र वॉरंटी कार्डावरचं बारीक वाचा. ऑफिसात वापरल्यास वॉरंटी नाही, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं.)

इथपर्यंतच जवळजवळ एक लाख कमी झाले.

बार: याला रिपेअर असं काही नसतंच. सीलबंद डबा आहे, बिघडला की अख्खा बदलायचा. लोकल व्हेंडर आत हात घालू शकत नाही. त्यामुळे घ्यायचाच तर उत्पादकाचा वाढीव प्लॅन घ्या, ज्यात आधी नवा येतो आणि मग जुना परत जातो. वॉरंटी संपायच्या आत घ्या. एकदा खंड पडला की काही कंपन्या मधल्या काळाचे पैसे मागतात, काही आधी तपासणी करू म्हणतात.

आणि हे नीट ऐका. प्लॅन व्हेंडरकडून घेतलात तरी तो उत्पादकाकडे तुमच्या नावावर, तुमच्या सीरियल नंबरवर नोंदला गेलाय की नाही ते स्वतः तपासा. मी अशी प्रकरणं पाहिलीत की कस्टमर दोन वर्षं पैसे भरतोय, आणि डबा गेल्यावर कळतं की वर काही नोंदच नाही, व्हेंडर आपल्याच स्टॉकमधून भागवत होता. स्टॉक होता तोवर सगळं छान.

ट्रेनिंग रूम: ही घ्या. डोळे झाकून नाही, पण घ्या. कारण तिथे चार कंपन्यांचं सामान एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसलंय आणि बिघडलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. त्यात मुख्य डीएसपी. डीएसपीचा डबा बदलणं सोपं आहे, पण त्याच्या आत तुमच्या खोलीसाठी बसवलेलं सगळं असतं: कोणत्या माइकला किती गेन, इको कॅन्सलेशनचा संदर्भ कुठून, कोणता स्पीकर किती मिलिसेकंद उशिरा. ती कॉन्फिग फाइल तुमच्याकडे नसेल तर नवा डीएसपी लावूनही खोली गुहेसारखी घुमते. माइक बसवणाऱ्याने फाइल दिली होती का? लॅपटॉपवर असेल म्हणाल तर तो कोणाचा लॅपटॉप? तो मुलगा तर नोकरी सोडून केव्हाच गेला असेल.

एएमसी घ्या न घ्या, उद्या सकाळी व्हेंडरला मेल करा: सगळ्या कॉन्फिग फाइल्स आणि ॲडमिन पासवर्ड द्या.

महापे_मुक्काम

पॅचकॉर्डभाऊ, दंडवत. डिस्प्लेचं बिल काढलं, तीन वर्षांची वॉरंटी आहे. व्हेंडरला विचारलं तर म्हणतो, "सर, वो तो बंडल में आ गया." आणि कॉन्फिग फाइल? त्यावर "चेक करके बताता हूँ". तेव्हापासून चेकच चाललंय.

कराराचा मसुदा आत्ता नीट वाचला. यातलं काय धोक्याचं आहे सांगा:
रिस्पॉन्स चार तासांत.
वर्षातून चार पीएम व्हिजिट (बिघडायच्या आधीच्या देखभालीच्या फेऱ्या).
मुंबई महापालिका हद्दीबाहेर प्रवासखर्च वेगळा.
पाणी, आग, उंदीर, वीजदाबातील चढउतार आणि अपघात यांनी झालेलं नुकसान वगळून.
नेटवर्कशी संबंधित उपकरणं वगळून.

वागळेकर

मुंबई महापालिका हद्दीबाहेर!! म्हणजे महापेही बाहेर आणि आमचं वागळेही बाहेर. ऐरोली पूल ओलांडला की परदेश. व्हेंडरचं ऑफिस अंधेरीत असणार, पैज लावा.

महापे_मुक्काम

अंधेरीतच आहे.

पॅचकॉर्ड

एकेक घेऊ.

'रिस्पॉन्स चार तासांत' म्हणजे चार तासांत कोणीतरी फोन करेल किंवा येऊन बघून जाईल. सुरू कधी होईल याबद्दल एक अक्षर नाही. तुम्हाला 'रिझोल्यूशन' लिहून हवं. ते देत नसतील तर निदान 'पुढच्या कामाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत स्टँडबाय युनिट लावू' एवढं तरी लिहून घ्या. 'एनबीडी' (नेक्स्ट बिझनेस डे) एवढंच लिहिलेलं असेल तर तेही उलगडून घ्या. काही ठिकाणी त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी गोदामातून निघेल असा असतो, तुमच्या दारात पोचेल असा नाही.

पीएम व्हिजिट: माणूस येतो, फडक्याने कॅमेरा पुसतो, कॉल रिपोर्टवर सही घेतो आणि जातो. त्यापेक्षा चारच्या दोन करा, पण त्यात काय करायचं ते लिहा. प्रत्येक माइक वेगळा बोलून बघणं, फर्मवेअर, कनेक्टर काढून पुन्हा बसवणं, कॉन्फिग फाइलची ताजी प्रत तुमच्या आयटीला देणं. हे होईपर्यंत रिपोर्टवर सही नाही.

'नेटवर्क उपकरणं वगळून' ही ओळ तुमच्यासाठी सगळ्यात वाईट. छतातले माइक नेटवर्कवर चालणारे असतील तर ते पीओई स्विचमधून (नेटवर्कच्याच केबलीतून वीज देणारा स्विच) वीज घेतात आणि आवाजही त्यातूनच पाठवतात. स्विचचा पोर्ट गेला की माइक मेला. व्हेंडर येऊन म्हणणार, माइक ठीक आहे, स्विच तुमचा. तो स्विच त्याच्याच बिलात असेल तर नाव आणि सीरियल नंबरासकट यादीत घाला.

वागळेकर

अवांतर: उंदीर वगळले आहेत यावर मला हसू येतंय. आमच्या गाळ्यात फॉल्स सीलिंगवर उंदरांची स्वतःची सोसायटी आहे. कॅमेऱ्याची केबल तिसऱ्यांदा कुरतडली तेव्हा सर्व्हिसवाल्याने तुकडा पारदर्शक पिशवीत घालून फोटो काढला आणि कॉल 'रोडंट डॅमेज' म्हणून बंद केला. आता सगळ्या केबली जीआय पाइपातून नेल्यात. खर्च झाला, पण नंतर एकही कॉल नाही. एएमसीच्या आधी ते करा.

ऐरोली_पूर्व

वागळेकर, आमच्याकडेही आहेत, पण आमचे काचेच्या इमारतीत राहतात.

मी ऐरोलीत एका कंपनीत आयटी बघते, बऱ्याच खोल्या आहेत. वर हार्डवेअरवर खूप लिहिलं गेलंय, मला सॉफ्टवेअरचं सांगायचंय. हल्ली खोली निकामी होते ती मशीन जळून नाही, अपडेट बंद झाल्यामुळे.

ट्रेनिंग रूमचा छोटा पीसी. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतो. तुमचा पीसी त्याआधीचा असेल तर त्यावर एएमसी भरणं म्हणजे पैसे पाण्यात. व्हेंडर मदरबोर्ड बदलून देईल, विंडोज ११ कुठून देणार? पीसी आत्ताच बदला आणि जुन्याचं नाव करारातून काढा.

अँड्रॉइड बारचंही तेच. मायक्रोसॉफ्टच्या यादीत प्रत्येक सर्टिफाइड मॉडेलपुढे सर्टिफिकेशन कधी संपतं ती तारीख असते. गूगल मीटच्या हार्डवेअरलाही ऑटो अपडेट कधीपर्यंत मिळणार ते आधीच जाहीर असतं. बारचा प्लॅन त्या तारखेच्या पुढे जाईल इतका लांब घेऊ नका. तीन वर्षांचा प्लॅन स्वस्त पडतो म्हणून घेतलात आणि बार दीड वर्षात यादीतून बाहेर गेला, तर उरलेले पैसे गेलेच.

टीम्स रूम्सचं लायसन्स ही वेगळीच भानगड आहे, एएमसीत मिसळू नका. बेसिक लायसन्स २५ खोल्यांपर्यंत फुकट मिळतं, तुमच्या खोल्यांना तेवढं पुरेल. व्हेंडर 'मॅनेज्ड सर्व्हिस' नावाखाली प्रो लायसन्स आत घुसवून विकत असेल तर कोटेशनमध्ये वेगळी ओळ मागा.

आणि सगळ्या करारांची शेवटची तारीख एकच करून घ्या. नाहीतर दर दोन महिन्यांनी एकेक नूतनीकरण येतं आणि एखादं निसटतं.

नौपाड्याचा_सीए

मी अजूनही नकोच म्हणतोय, पण ट्रेनिंग रूमपुरतं मान्य. एक दुरुस्ती मात्र करतो. महापे_मुक्काम, तुम्हाला जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे भरलेला कर वळता होतो, तेव्हा पावणेतीन लाख नाही, खर्च २ लाख ३१ हजारच धरा. साहेबांना तसंच सांगा.

घोडबंदर_ट्रॅफिक

सगळ्यांना नाही मिळत हो क्रेडिट. मी घोडबंदर रोडच्या एका हॉस्पिटलात बायोमेडिकल आणि आयटी दोन्ही सांभाळते. आरोग्यसेवा जीएसटीमुक्त, त्यामुळे आम्ही भरलेला जीएसटी खर्चातच जातो. ११ टक्क्यांचे आम्हाला तेराच्या आसपास पडतात.

तरीही आम्ही कॉन्फरन्स रूमची सीएमसी (कॉम्प्रिहेन्सिव्ह करार) घेतो. आठवड्याच्या ट्यूमर बोर्डला (कॅन्सर पेशंटबद्दल डॉक्टरांची बैठक) परळचे डॉक्टर जोडले जातात. स्कॅन दिसला नाही तर पेशंटचा निर्णय आठवडाभर पुढे जातो. तिथे लॅपटॉपवर भागवा असं मी कोणाला सांगणार नाही.

आमच्याकडे एमआरआय, व्हेंटिलेटरच्या करारांची सवय असल्यामुळे तीच कलमं इथेही लावली. अपटाइमची टक्केवारी, आणि त्याखाली गेलं तर बंद राहिलेल्या दिवसांएवढा करार फुकटात पुढे वाढणार. ९५ टक्के अपटाइम ऐकायला छान वाटतं, पण हिशेब केलात तर वर्षाला १८ दिवस बंद राहिलं तरी व्हेंडर नियमात बसतो. म्हणून आम्ही 'सलग दोन कामाच्या दिवसांहून जास्त नाही' असंही जोडलं. दंड लावू म्हटलं तर कोणी सही करत नाही, मुदतवाढीला करतात.

कोर्टनाका

एक कायदेशीर मुद्दा राहिला. बिघडलं आणि व्हेंडरने हात वर केले तर 'ग्राहक मंचात खेचतो' असं बरेच जण म्हणतात. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक कारणासाठी वस्तू किंवा सेवा घेणारा सर्वसाधारणपणे ग्राहकाच्या व्याख्येत बसत नाही. पोट भरायला स्वतःच एखादा धंदा करणाऱ्याला सवलत आहे, पण तुमची कंपनी त्यात येणार नाही. म्हणजे करारात जे लिहिलंय तेवढंच तुमचं. तोंडी 'सर, हो जाएगा' याला काडीची किंमत नाही.

म्हणून दोन गोष्टी. पैसे वर्षाचे एकदम आगाऊ देऊ नका, तिमाही द्या; तुमच्या हातातली ती एकमेव दोरी आहे. आणि वादाचं न्यायक्षेत्र बघा. व्हेंडरचं हेड ऑफिस बंगळुरूला असेल तर छापील मसुद्यात तेच असतं. ठाणे करून घ्या.

वाशी_सेक्टर१७

वीजदाबाच्या कलमावरून आमची खेचाखेची झाली ती लिहितो. डिस्प्ले थेट भिंतीतल्या सॉकेटवर, लॅपटॉप यूपीएसच्या सॉकेटवर. एके दिवशी केबल जोडली आणि ठिणगी. डिस्प्लेचा एचडीएमआय पोर्ट आणि लॅपटॉपचा पोर्ट, दोन्ही गेले. व्हेंडर म्हणाला 'सर्ज', कव्हर नाही. आम्ही म्हणालो, त्या दिवशी महावितरणची वीज ठणठणीत होती, मजल्यावर दुसरं काही जळलं नाही. शेवटी इलेक्ट्रिशियनने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला व्होल्टेज मोजला तर भलताच निघाला. दोन-तीन व्होल्टच्या वर असू नये म्हणतात. दोष आमच्या बिल्डिंगच्या अर्थिंगचा, त्यामुळे भांडायला जागाच उरली नाही. आता खोलीतलं सगळं एकाच यूपीएसवर, एकाच अर्थिंगवर.

करार करण्याआधी अर्थिंगचा रिपोर्ट घ्या आणि व्हेंडरची त्यावर सही घ्या. मग उद्या 'तुमचं अर्थिंग खराब' म्हणता येणार नाही.

रुमाल_टाकू

बोर्डरूमचा कोडेक काढून टाकायचा आणि तिथे काय? नवीन बार?

पॅचकॉर्ड

चालतोय तोवर चालू द्या, गेला की बार. नाव मोठं बघून जुन्या ब्रँडला चिकटून राहू नका. टँडबर्ग २०१०मध्ये सिस्कोने घेतलं. पॉलिकॉम २०१८मध्ये प्लांट्रॉनिक्सकडे गेलं, मग दोघांचं मिळून पॉली झालं आणि २०२२मध्ये एचपीने घेतलं. दर वेळी पार्टनर, पोर्टल, सपोर्टचे नंबर बदलतात. तुमच्या करारावर आज ज्याचं नाव आहे तो उद्या अधिकृत पार्टनर असेलच असं नाही. लांब मुदतीचा करार करताना हे लक्षात ठेवा.

महापे_मुक्काम

मंडळी, अपडेट.

साहेबांसमोर दोन पानं ठेवली. कोडेक यादीतून बाहेर. डिस्प्ले वॉरंटी संपेपर्यंत बाहेर. बारना उत्पादकाचा प्लॅन. ऐरोलीताईंनी सांगितल्याप्रमाणे सर्टिफिकेशनची तारीख बघून दोनच वर्षांचा घेतला, आणि नोंदणीचा मेल थेट उत्पादकाकडून माझ्या इनबॉक्सात आल्यावरच पेमेंट सोडलं. ट्रेनिंग रूमची एएमसी १० टक्क्यांनी, म्हणजे ८४ हजार, तिमाही हप्त्यांत. पीओई स्विच यादीत आला. महापे आणि वागळे दोन्ही पत्ते करारात नावानिशी, प्रवासखर्च नाही. पीएम व्हिजिट दोन, पॅचकॉर्डभाऊंची यादी परिशिष्ट म्हणून जशीच्या तशी जोडली.

पीसी सातव्या पिढीचा निघाला. नवा मागवलाय.

व्हेंडर अडला तो दोन ठिकाणी. डीएसपीचा स्टँडबाय ठेवायला तयार नाही, म्हणतो एवढा महाग डबा कपाटात कोण ठेवणार. त्याचंही खरं आहे. म्हणून डीएसपी गेला तर छतातले माइक बाजूला ठेवून टेबलावरचे दोन स्पीकर-माइक लावून देणार, एवढ्यावर तोडगा निघाला. तीस माणसांना पुरणार नाही, वीसएकांना पुरेल. आणि सर्जचं कलम काही केल्या काढेना.

कॉन्फिग फाइल मिळाली. तारीख बघितली तर माइक बसवले त्याच आठवड्यातली. नंतर केलेले बदल त्यात नाहीत, त्यामुळे पहिल्या पीएमला ताजी काढून घेणार.

साहेबांनी सही केली. वर म्हणाले, "बघ, मी म्हणत होतो ना, एवढे पैसे लागत नाहीत."

आता अर्थिंगचं. वाशी_सेक्टर१७, तुमचा इलेक्ट्रिशियन महापेपर्यंत येईल का? बिल्डिंगचा जो आहे तो टेस्टर लावतो आणि 'बराबर है' म्हणून निघून जातो.

वाशी_सेक्टर१७

येईल, व्यनि केलाय. लायसन्सवाला आहे, लेखी रिपोर्ट देतो. दुपारी बोलवा, एसी आणि सगळी मशीनं चालू असताना. रविवारी बंद ऑफिसात मोजलं तर सगळं छानच दिसतं.